पुराव्यात न बसणारं गाव

इंग्लंडातल्या कुठल्याही आडगावात एक निवृत्त मास्तर असतोच. पेन्शन सुरू झाली, बागेतली गुलाबं छाटून झाली, बायकोने घरात लुडबुड नको म्हणून बजावलं, की हा गृहस्थ गावाचा इतिहास लिहायला घेतो. साहित्याला तोटा नसतो. १५३८ साली आठव्या हेन्रीच्या कारभाऱ्याने, टॉमस क्रॉमवेलने, हुकूम काढला होता की प्रत्येक चर्चने आपल्या हद्दीतले बाप्तिस्मे, लग्नं आणि मयती वहीत मांडून ठेवाव्यात. तेव्हापासून गावात कोण जन्मलं, कुणाचं कुणाशी लग्न झालं आणि लग्नानंतर किती घाईने पहिलं मूल झालं, याचा लेखी हिशोब राहत आला. त्यात मास्तर स्वतःच्या आठवणी घालतो. गावचा पंप, बेकरीवाल्याचं घोडं, शाळेतली छडी, आणि १९५३ च्या फेब्रुवारीत गोळ्या-चॉकलेटवरचं रेशनिंग उठलं तेव्हा दुकानापुढे उडालेली पोरांची झुंबड. पुस्तिका छापून चर्चच्या दाराशी विकायला ठेवतात. ज्यांची नावं तिच्यात आहेत ते दोन-दोन प्रती घेतात, ज्यांची नाहीत ते मास्तरशी बोलणं टाकतात. एवढ्यावर प्रकरण मिटतं.

हेच काम मोठ्या थाटात करावं म्हणून १८९९ साली तिथे व्हिक्टोरिया राणीच्या नावाने एक ग्रंथमाला निघाली. एकेक परगणा घ्यायचा आणि त्यातलं एकेक गाव लिहून काढायचं. ती अजून पुरी झालेली नाही, आणि कुणाला घाई आहे असंही दिसत नाही.

मला या मास्तरांचा हेवा वाटतो. आमच्या बेळगाव-निपाणीकडे कुणी गावच्या पंपावर चार ओळी लिहायला बसला, तर पहिला प्रश्न येतो : पंपावरची अक्षरं कुठल्या लिपीतली? दुसरा प्रश्न : हे तुम्हाला आत्ताच का सुचलं? पंपाला पाणी होतं का, हे कुणी विचारत नाही.

त्याला कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. मग सत्याग्रह, मोर्चे, १९६६ साली नेमलेला महाजन आयोग आणि पुढच्या वर्षी आलेला त्याचा अहवाल. त्या अहवालाने निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यायला सांगितलं, बेळगाव राहू द्यायला सांगितलं. कुणाचंच समाधान झालं नाही, अंमलबजावणीही झाली नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तेव्हापासून, खरं म्हणजे त्याच्याही आधीपासून, आमच्याकडचा प्रत्येक दगड साक्षीदार झालेला आहे. जुनं देऊळ, शाळेचं रजिस्टर, सातबारा, आजोबांच्या लग्नाची पत्रिका, सगळी मंडळी समन्स हातात घेऊन उभी. आणि साक्षीदाराचं एक दुःख असतं. त्याला जेवढं विचारलं तेवढंच बोलायचं असतं. ‘त्या दिवशी पाऊस फार होता आणि माझी चप्पल वाहून गेली’ असं तो सांगायला लागला की वकील म्हणतो, विषयाला धरून बोला.

मला चपलेबद्दल बोलायचं आहे.

अर्थात साहेबाने आमच्यासाठी काही करून ठेवलं नाही असं नाही. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड निघाला, तो सगळा बेळगाव जिल्ह्यावर. संपादक जेम्स कॅम्पबेल. आमच्याकडच्या वाचनालयात त्याची वाळवीने अर्धवट वाचलेली प्रत होती. झाडं, जनावरं, पिकं, तळी, रस्ते, बाजार, सगळं त्यात आहे. सगळ्यात मौज जातींच्या प्रकरणात. काय खातात, काय नेसतात, घर कसं, भांडी कुठली. बहुतेक प्रत्येक जात कष्टाळू, काटकसरी आणि पाहुणचाराला तत्पर. पुढे एक ‘पण’ येतो, आणि त्या ‘पण’नंतर ती जात अस्वच्छ तरी असते किंवा तापट तरी. आमच्या आत्याला मी एकदा आमच्या जातीचं वर्णन वाचून दाखवलं. तिने ‘कष्टाळू’ला मान डोलावली, ‘काटकसरी’ला डोलावली, आणि ‘पण’ आल्यावर म्हणाली, “ह्यो साहेब आपल्या घरी जेवून गेला होता काय रे?”

साहेबाने बैल मोजले, विहिरी मोजल्या. विहिरीवर बायका काय बोलत होत्या ते काही त्याला कळलं नाही, त्याच्या मामलेदाराने कळवलं नाही.

आणि गावाचा सगळ्यात जुना लेखी साक्षीदार तर त्याने बरोबरच नेला. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती नावाचं जैन मंदिर आहे. काळ्या दगडाचं, आत छताला खाली उमललेलं दगडी कमळ. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातलं, १२०४ च्या सुमाराचं, त्याच्या बिचिराज नावाच्या मंत्र्याने बांधलेलं. त्या वेळच्या दानाचे दोन शिलालेख होते, त्यांत गावाचं नाव वेणुग्राम. ते शिलालेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. भाषा जुनी कानडी आणि संस्कृत. आता बघा, गाव कुणाचं यावर दोन राज्यं साठ-सत्तर वर्षं भांडतायत, आणि गावाच्या जन्मपत्रिकेची मूळ प्रत तिसऱ्याच्याच कपाटात लंडनला. पूर्वी दोन भाऊ वाटणीला उभे राहिले की गावातला सावकार असाच कागद दाबून बसायचा.

तरी हद्दींचं नवल आमच्याकडे १९५६ ला सुरू झालं असं कुणी समजू नये. आईची आई शहापूरची. शहापूर म्हणजे आजच्या बेळगावचाच भाग, रेल्वे ओलांडली की आलं. साड्यांच्या मागांची पेठ. पण तेव्हा ते सांगली संस्थानात, पटवर्धनांच्या राज्यात, आणि बेळगाव इंग्रजांच्या. आजीचं लग्न बेळगावात ठरलं तेव्हा तिच्या आजीने डोळ्याला पदर लावला होता म्हणे, की पोर परराज्यात दिली. परराज्य चालत पंधरा मिनिटांवर. दिवाळीला माहेरचा फराळ आंतरराष्ट्रीय सरहद्द ओलांडून येई आणि करंज्या गरम असत. त्या काळी या मुलखाचा नकाशा म्हणजे सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखिंडी, रामदुर्ग, कोल्हापूर अशा संस्थानांचे तुकडे, मध्ये मध्ये इंग्रजी मुलूख, आणि घाट उतरला की पोर्तुगीज. कुठल्या शेतात कुणाचं राज्य हे बैलाला ठाऊक असे, कारण चौकी आली की गाडी थांबे.

आमचं आजोळ काकतीवेशीच्या बाजूला. उन्हाळ्याच्या सुट्टीत निपाणीहून बेळगावला जायचं म्हणजे आम्हा पोरांना विलायतेला जाण्यासारखं. गाडी तवंदी घाट चढायची, डाव्या-उजव्या हाताला स्तवनिधीचे डोंगर, मग संकेश्वर, हत्तरगी, काकती. मामा स्टँडवर घ्यायला यायचा आणि भेटल्याबरोबर आमच्या अंगाचा वास घेऊन म्हणायचा, “आली बघा तंबाकू.” त्यात कौतुकच असायचं. त्याबद्दल पुढे सांगतो.

रविवारी मामा आम्हाला कॅम्पात नेई. १८१८ च्या एप्रिलात तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर किल्ला इंग्रजांच्या हाती पडला, हवा थंड म्हणून त्यांना गाव आवडलं, आणि किल्ल्याच्या पश्चिमेला छावणी उभी राहिली. लांबरुंद कंपाउंडं, कौलारू बंगले, आणि बुंध्याला चुना-गेरू लावलेली झाडं. छावणीत झाडालासुद्धा रांगेत उभं राहावं लागतं. हाय स्ट्रीट नावाचा रस्ता अजून आहे. सेंट मेरी चर्च १८६९ चं, सेंट पॉल्स शाळा १८५६ ची, आणि शहरातली बेननस्मिथ त्याहून जुनी, लंडनच्या मिशनऱ्यांनी १८३२ साली काढलेली. ही सनं मामाला पाठ होती. पण तो ती सांगत नसे. तो सांगायचा की अमक्या बंगल्यातल्या मडमेचं पोपटावर फार प्रेम होतं, तो पोपट मराठी शिव्या शिकला, आणि पलटणीच्या मेजवानीत त्याने कर्नलसाहेबाला एक घातली. बंगला कुठला? दर रविवारी वेगळा. पोपट मात्र एकच.

या बंगल्यांतून जी गोरी मुलं वाढली त्यांचं मला नेहमी कुतूहल वाटतं. आया मराठी, खानसामा गोव्याचा, माळी कानडी, आणि ‘घर’ म्हणून जो देश सांगायचा तो पाहिलेलाही नाही. स्पाइक मिलिगन हा इंग्रजीतला तऱ्हेवाईक विनोदी लेखक १९१८ साली आपल्या नगरच्या छावणीत जन्मला आणि पुण्याच्या कॉन्व्हेंटात शिकला. त्याच्यासारख्यांना म्हातारपणी लहानपणचं गाव आठवायचं तर ते इंग्लंडातलं कसं असणार? ते कुठल्यातरी कॅम्पातलं, बँडच्या आवाजाचं, जांभळाने जीभ जांभळी झालेलं. अशी म्हातारी माणसं अधूनमधून बेळगावात येत, आजोबांची कबर शोधत. रिक्षावाला त्यांना आधी मिलिटरी महादेवाला नेई. ते दर्शन घेत, मग कबर शोधत.

टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो आहे. आता लोक तिथे पहाटे पळायला जातात आणि नावाचा अर्थ विचारत नाहीत. एके काळी तिथे जनावरांच्या अंगावर देवीची लस वाढवत आणि लांब लांब पाठवत. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाच्या दंडावर तो गोल वण आहे. गॅझेटियरात नसलेला एवढा एकच पुरावा आमच्या अंगावर कायमचा नोंदलाय, आणि त्याला भाषा नाही, हे किती बरं.

तिथून जवळच काँग्रेस रोडवर एक विहीर. १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन बेळगावला भरलं, गंगाधरराव देशपांड्यांनी भरवलं. गांधीजी अध्यक्ष, आणि ते अध्यक्ष असलेलं हे एकच अधिवेशन. हजारो माणसांना प्यायला पाणी हवं म्हणून विहीर खणली. अधिवेशनातले ठराव किती जणांना आठवतात ते जाऊ द्या, विहीर आहे. त्याच मांडवात स्वागताच्या गाण्यात अकरा वर्षांची एक मुलगी गायली. ती पुढे गंगूबाई हनगल झाली. तिने ती आठवण म्हातारपणापर्यंत सांगितली.

मला वाटतं, गावाचा खरा इतिहास मोठी माणसं करतात आणि लहान मुलं बघतात. मोठ्यांच्या लक्षात तत्त्व राहतं, मुलांच्या लक्षात तपशील. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावला आले आणि भाटे वकिलांकडे उतरले, मग वनाधिकारी हरिपद मित्रांकडे गेले. तेव्हा त्यांचं नाव शिकागोपर्यंत पोचलं नव्हतं. भाटे वकिलांच्या शाळकरी मुलाने पुढे आठवणी लिहिल्या. त्यात वेदान्त आहेच, पण पोराच्या मनात घर करून राहिलं ते वेगळंच. हा संन्यासी अंगात बनियन घालतो! जेवणानंतर पान मागतो, वर तंबाखू मागतो! त्या घरात केवढा धक्का बसला असेल. आणि तो मुलगा तेव्हा पाणिनीची अष्टाध्यायी घोकत होता, ती स्वामींना त्याच्यापेक्षा चांगली पाठ निघाली, याचाही त्याला दचका बसलेला दिसतो. रिसालदार गल्लीतल्या त्या घराचं आता स्मारक झालंय. तिथे भक्तिभाव भरपूर आहे. मला त्यापेक्षा तो दाराआडून पाहुण्याच्या तोंडातलं पान मोजणारा पोरगा जास्त दिसतो.

किर्लोस्करांची गोष्ट तर मामा हमखास सांगे, कारण तिच्यात नगरपालिकेवर राग काढता येई. लक्ष्मणराव मुंबईला नोकरीला, भाऊ रामूअण्णा बेळगावात. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या, रामूअण्णांनी त्या इथे विकायच्या आणि विकत घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायच्या. हे १८८८ च्या सुमाराचं. धोतर सावरत सायकलवर बसणारे त्या वेळचे बेळगावकर डोळ्यांपुढे आणून बघा. मग सायकलींच्या जागी कडबा कापायची यंत्रं आली, लोखंडी नांगर आला. तेवढ्यात नगरपालिकेला नवी वसाहत काढायची हुक्की आली आणि कारखान्याला जागा खाली करायला सांगितलं. लक्ष्मणराव १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर गेले आणि तिथे किर्लोस्करवाडी झाली. “कारखाना घालवला आणि रस्त्याला नाव दिलं,” मामा किर्लोस्कर रोडवरून जाताना म्हणायचा. “आपल्याकडे रस्त्याला नाव पाहिजे असलं तर आधी गाव सोडायला लागतं.”

आता निपाणी.

निपाणीचा इतिहास सांगणारे आप्पा देसाई निपाणकरांपासून सुरू करतात. पेशवाईतले सरलष्कर, मोठं प्रस्थ, गावात वाडा. १८३९ साली वारसाअभावी संस्थान खालसा झालं. हे सगळं बरोबर आहे. पण गावात शिरल्या शिरल्या माणसाला जे कळतं ते नाकाला कळतं. निपाणी म्हणजे तंबाखू. पानांत बांधायचा, बिडीचा. हंगामात गावावर एक पिवळसर धूळ असते. परका माणूस स्टँडवर उतरला की आधी शिंकतो, मग पत्ता विचारतो. गावचा माणूस शिंकत नाही, तो बाहेरगावी गेला की शिंकतो, स्वच्छ हवेने.

आमच्या घरामागे वखार होती. उंच भिंती, वर पत्रा, लहानशा खिडक्या. आत पोत्यांच्या थप्प्या आणि जमिनीवर तंबाखूचे ढीग. बायका नाकाला पदराची घडी घट्ट बांधून ओळीने बसायच्या, हातात चाळणी. काडी वेगळी, जर्दा वेगळा, भुकटी वेगळी. चाळणीचा खस्स-खस्स आवाज दुपारभर एका लयीत चालायचा, मध्येच कुणीतरी खोकलं की लय तुटायची आणि पुन्हा लागायची. संध्याकाळी सुटल्यावर त्या बाहेर पडत तेव्हा भुवया पिवळ्या झालेल्या. नळावर तोंड धुतल्यावर एकेकीचा चेहरा निघायचा आणि आम्ही ओळखायचो, ही अमकीची आई. एक्साइजचे इन्स्पेक्टर यायचे ते दिवस वेगळे. तंबाखूवर १९४३ मध्ये, लढाईच्या खर्चापायी, इंग्रजांनी केंद्राची जकात बसवली होती. साहेब गेला, जकात राहिली. इन्स्पेक्टर आला म्हटलं की वखारीत एकदम शांतता आणि मालकाच्या घरून चहाची किटली.

वखारीतून येऊन त्याच बायका घरी बिड्या वळत. आत्याच्या शेजारच्या कट्ट्यावर रात्री आठापर्यंत ही बैठक असे. पानं आदल्या दिवशी भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली. मांडीवर सूप, सुपात पत्र्याचा तुकडा, त्या मापाने कात्रीने पान कापायचं. त्यात चिमूटभर तंबाखू, बोटांची एक गिरकी, दोऱ्याचे दोन वेढे, आणि टोक नखाने आत मोडायचं. हे टोक मोडायचं काम आम्हा पोरांना. नखं बारीक, म्हणून. हजारावर मजुरी. कारखान्यात नेल्यावर तिथला माणूस मुठीमुठीने बिड्या उचलून बघे आणि न आवडलेल्या बाजूला काढी, ती छाट. छाटीची मजुरी नाही, बिडी मात्र परतही नाही. ती कोण ओढत असे हा प्रश्न कट्ट्यावर रोज निघायचा आणि त्यावर जी उत्तरं यायची ती ऐकायला आम्ही टोकं मुद्दाम सावकाश मोडायचो. या कट्ट्यावर निम्म्या बायका मराठी बोलत, निम्म्या कानडी, आणि छाट काढणाऱ्याच्या नावाने दोन्ही भाषांतून एकदमच मुक्ताफळं पडत. पोरांना दोन्ही समजत. शिव्यांपुरता तरी आमच्या भागात द्विभाषिक कारभार सुरळीत चालला होता.

बाबासाहेब आंबेडकर १९२५ साली निपाणीला बहिष्कृतांच्या परिषदेसाठी येऊन गेले, ते सांगणारे म्हातारे आमच्या लहानपणी होते. आणि १९८१ मी स्वतः पाहिलं. मार्चमध्ये, नवा तंबाखू वखारीशी यायच्या वेळेला, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला. तीन आठवड्यांहून जास्त दिवस बैलगाड्या रस्त्यावर. गावोगावहून भाकऱ्यांची गाठोडी येत होती, आम्ही पोरं ती पोचवायला पळत होतो, आणि एवढा मोठा हायवे रिकामा बघून आम्हाला पहिल्यांदा सुचलं ते त्यावर चिन्नी-दांडू खेळायचं. मोठ्यांनी हाकललं. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्या दिवसाबद्दल मला विनोदी काही लिहिता येणार नाही. एवढंच सांगतो, की त्या संध्याकाळी वखारीची चाळणी वाजली नाही.

तर हद्दीचं सांगत होतो. निपाणीत देवचंदशेठ शहा नावाचे तंबाखूचे व्यापारी होते. त्यांनी १९६० च्या सुमारास गावाला कॉलेज काढायचं मनावर घेतलं. गाव गेलेलं म्हैसूर राज्यात. त्यांनी हद्दीपलीकडे, कागल तालुक्यात, अर्जुननगरला जागा घेतली, आणि देवचंद कॉलेज महाराष्ट्रात बांधलं. पुढे ते शिवाजी विद्यापीठाला जोडलं गेलं. म्हणजे निपाणीची मुलं घरी जेवून, पायी, दुसऱ्या राज्यात शिकायला जातात आणि दुपारी चहाला स्वदेशी परततात. लोक पोरांना परदेशी शिकायला पाठवायला कर्ज काढतात, आमच्याकडे सायकल पुरते. पुढे मोबाइल आले तेव्हा कॉलेजच्या एका वर्गात फोनवर महाराष्ट्रात स्वागत आणि कँटीनमध्ये कर्नाटकात स्वागत असे संदेश येत, आणि रोमिंगचे पैसे कापले जात. करोनाच्या काळात कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीचा कागद मागायला लागले, तेव्हा आमच्या एका भाचीला आईच्या हातची भाजी नेण्यासाठी नाकात काडी घालून घ्यावी लागली. शहापूरच्या आजीच्या करंज्यांना एवढा त्रास नव्हता.

घरात रेडिओवर दोन स्टेशनं लागत, सांगली आणि धारवाड. एकाच पावसाचा अंदाज दोन भाषांत यायचा. वडील दोन्ही ऐकत आणि त्यांच्या गुडघ्याला काय वाटतं त्यावर पेरणी ठरवत.

आमच्या गल्लीत एक सुभेदार होते, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. पलटणीचं केंद्र बेळगावला, म्हणून पेन्शनच्या कामाला ते दर थोड्या दिवसांनी तिथे जात आणि येताना आम्हाला कुंदा आणत. दुसऱ्या लढाईत ते इटलीत होते. आम्ही विचारायचो, बंदूक कशी चालवली, माणसं कशी मेली. ते सांगायचे की तिथल्या गावात म्हाताऱ्या दाराशी बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतात, आणि शेजारणीशी बारक्या गोष्टीवरून भांडतात. “अगदी आपली गल्ली,” ते म्हणायचे, “फक्त द्राक्षं जास्त.” त्याच मोहिमेत नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला लढताना पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली इटलीतल्या माँटोने या छोट्या गावाने त्यांच्या नावाची सूर्यघडी उभारली. माणगावकडचा पोरगा, इंग्रजांच्या पलटणीतला, जर्मनांशी लढून मेला, आणि त्याची आठवण इटालियन गावकऱ्यांनी ठेवली. या घाडग्यांवर दावा कुणी लावायचा? सुभेदार असते तर त्यांनी विचारलं असतं, की घड्याळ कुणाच्या दाराशी लावलंय, आणि त्या म्हातारीला चालतंय का.

गेल्या दिवाळीत मी वही-पेन घेऊन आत्यापुढे बसलो. म्हटलं, आमच्या गावचं लिहून काढतो, वखार, कट्टा, छाट, सगळं. आत्या नव्वदीला टेकली आहे, पण स्मरणशक्ती अशी, की हयात माणसांनी जपून राहावं. तिने सुरुवात केली. कुठल्या वखारीत कुणाच्या सासूने कुणाच्या सुनेला कसं कामाला लावलं, कुणी छाट काढणाऱ्याच्या डोक्यात सूप घातलं, त्यानंतर महिनाभर कुणाचीच छाट कशी निघाली नाही. मी भराभर लिहीत होतो. सूप घालणारीचं नाव आलं तशी आत्या थांबली.

“ते नको लिहू.”

“का?”

“तिची नात आत्ता बँकेत आहे. माझी पेन्शन तीच काढून देते.”

मी खोडलं. पुढची गोष्ट सुरू झाली, पुढचं नाव आलं. ती विहीण निघाली. मी खोडलं. तिसऱ्या गोष्टीतला माणूस देवाघरी गेलेला होता, म्हणून मी पेन सरसावलं, तर आत्या म्हणाली, “त्याचा मुलगा आपल्या वॉर्डात उभा राहणार आहे म्हणे. निवडणूक होईतो थांब.” मग वही माझ्या हातातून घेऊन, चष्मा नाकावर ओढून, तिने पान वाचलं आणि परत दिलं.

“पोपटाचं लिही,” ती म्हणाली. “त्याचं कोण राहिलं नाही.”